लांबच्या गाड्या आधी

स्वतःचा आवाज रस्त्यावरून येताना ऐकायची थोरलीला सवय होती. निवडणुकीच्या दिवसांत तो सकाळ-संध्याकाळ गल्लीतून फिरायचा, आज ह्या झेंड्याखाली तर उद्या त्या. शेजारणी थट्टा करायच्या, "बाई, काल तुम्ही एकाला निवडून द्या म्हणालात, आज दुसऱ्याला म्हणताय. आम्ही नक्की करायचं काय?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "आवाज भाड्यानं दिलाय, मत नाही दिलेलं." हे उत्तर तिला स्वतःला फार आवडायचं. जी उत्तरं आपल्याला फार आवडतात ती एक दिवस आपल्याच नरड्यावर बसतात, पण ते तेव्हा कुठे कळतं.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी सकाळी ती दारात बसून आईबरोबर भाजी निवडत होती. आईला दिसायचं कमी, पण कान असे की दोन गल्ल्या पलीकडचं भांडण ती शब्दासकट सांगायची. कोपऱ्यावरून प्रचाराची गाडी वळली आणि आई म्हणाली, "आली बघ तुझी स्वारी."

भोंग्यातून आधी बाजा वाजला आणि मग थोरलीचा आवाज आला, तोच मधात बुडवलेला. त्या आवाजानं धाकटीचं नाव घेतलं. पूर्ण नाव, आई-बापाच्या नावासकट.

थोरलीचा हात थांबला. तिला वाटलं, कोणीतरी भला माणूस भेटला आणि धाकटीला गाडी मिळाली. तिच्या चेहऱ्यावर हसूसुद्धा आलं. ते पुरतं उमटायच्या आत पुढचं ऐकू आलं: "यांना विचारा, जनतेच्या ताटातला घास कुणी पळवला? चोराच्या हाती चाव्या देऊ नका."

आणि पुन्हा बाजा.

आईच्या हातातली जुडी मांडीवर पडली. "काय बोललीस ग तू हे?" ती म्हणाली. "धाकटीला चोर म्हणालीस?"

"मी नाही म्हटलं, आई."

"मी आंधळी असेन, बहिरी नाही. आवाज तुझाच होता."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, चप्पल न घालता धावली आणि गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं काढलं. "मावशी, मरायचंय का?"

"बंद कर ते. तो आवाज माझा आहे."

ड्रायव्हरनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. विस्कटलेले केस, हातात पालेभाजी, ओरडून चिरका झालेला आवाज. तो हसला. "तुमचा? अहो, त्या बाईंचा आवाज किती गोड आहे. बाजूला व्हा." आणि तिला वळसा घालून त्यानं गाडी पुढे नेली. गाडी गल्लीच्या टोकाला गेली तरी ती मधाळ बाई धाकटीला चोर म्हणतच होती.

आता ही धाकटी कोण आणि ही ओळ आली कुठून, ते सांगायला हवं.

धाकटी सरकारी दवाखान्यात नर्स होती. लहान मुलांच्या वॉर्डासाठी आलेली औषधं पुढच्या दारानं यायची आणि मागच्या दारानं जायची. जायची कुठे, तर आमदाराच्या मेव्हण्याच्या दुकानात. हे गावाला ठाऊक होतं आणि गाव मूग गिळून बसलं होतं. धाकटी बसली नाही. तपासणीला वरचे लोक आले तेव्हा तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. चौकशी झाली, ती धाकटीचीच झाली. तिला गैरसोयीच्या जागी बदली मिळाली, तिनं नोकरी सोडली आणि अपक्ष म्हणून त्याच आमदाराविरुद्ध अर्ज भरला. हा आमदार प्रत्येक पोस्टरवर स्वतःला 'कामाचा माणूस' म्हणवून घ्यायचा, म्हणून लोकही त्याला तेच म्हणायचे, फक्त म्हणताना डोळा मारायचे. डोळा मारायचे आणि मत द्यायचे. असल्या लोकांचा राग येतो, पण तो पुढे ठेवू.

थोरलीची नोकरी बस स्थानकावर. चौकशीच्या खोलीत माईकपुढे बसायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं. त्या आवाजामुळेच तिला प्रचाराची कामं मिळायची. त्या धंद्याची एक रीत होती. दर मतदारसंघासाठी वेगळं रेकॉर्डिंग करायला वेळ कोणाला असतो? म्हणून ओळ एकदाच बोलायची, नावापुरती जागा रिकामी सोडून. त्या ओळीला धंद्यात 'रिकामी ओळ' म्हणत. मग राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांतली नावं एका बैठकीत ओळीनं बोलायची, प्रत्येक नाव दोनदा: एकदा चढ्या सुरात, म्हणजे पुढे वाक्य जोडता यावं, आणि एकदा उतरत्या सुरात, म्हणजे वाक्य तिथं संपवता यावं. पुढची जोडाजोडी स्टुडिओवाला करायचा. एका बाईचा घसा अख्ख्या राज्याला पुरायचा.

यंदा स्टुडिओवाल्यानं तिच्याकडून 'चोराच्या हाती चाव्या देऊ नका' ही रिकामी ओळ आधी घेतली होती. कशासाठी म्हणून तिनं विचारलं, तर म्हणाला, जनजागृती. थोड्या दिवसांनी नावं घेतली. कशासाठी, तर सगळे उमेदवार एका मंचावर येणार आहेत, त्यांची ओळख करून द्यायची आहे. नावं पुष्कळ होती. गोंधळ होऊ नये म्हणून थोरलीनं तिच्या सवयीनं ती गाड्यांच्या क्रमानं लावून घेतली. स्थानकाची शिस्तच तशी: लांबच्या गाड्या आधी, जवळच्या नंतर, शहरातली लोकल बस सगळ्यांत शेवटी. डोंगरापलीकडच्या जिल्ह्यातल्या नावानं सुरुवात केली आणि शेवटी स्वतःच्या शहरावर आली. तिथं धाकटीचं नाव होतं. ते नाव तिनं किती जीव लावून घेतलं होतं. चढं घेतलं, उतरतं घेतलं, मनाजोगतं आलं नाही म्हणून पुन्हा घेतलं. मोठ्या मंचावर आपल्या बहिणीचं नाव आपल्या आवाजात दुमदुमणार, ह्या कल्पनेनं तिचा ऊर भरून आला होता.

त्याच नावाला त्यांनी ती ओळ चिकटवली होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि केस तिचाच होता.

स्टुडिओ टायरच्या दुकानामागं होता. एक खोली, भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या, मध्ये माईक आणि सगळीकडे रबराचा वास. थोरली आत शिरली तेव्हा स्टुडिओवाला चहात बिस्किट बुडवत होता. तिला पाहून बिस्किट तुटून कपात पडलं, म्हणजे त्याला माहीत होतं.

"ती माझी बहीण आहे हे तुला ठाऊक होतं?"

"बाई, बसा तरी."

"ठाऊक होतं का?"

तो कपात चमचा घालून बिस्किट शोधू लागला. "मी काय केलं सांगा ना. ओळ तुम्ही बोललात. नाव तुम्ही बोललात. मी मधे नुसती कात्री चालवली."

"कात्री चालवलीस ती तिच्या गळ्यावर."

"वरून सांगून आलं. एकट्या तुमच्या बहिणीचं नाही. राज्यातल्या एकूण एक जिल्ह्यात चाललंय. जो जो त्यांना जड जातोय त्याचं नाव, पुढे ही ओळ. सगळीकडे तुमचाच आवाज. खरं तर तुम्हाला अभिमान वाटायला पाहिजे."

 काही माणसं निर्लज्ज असतात, पण त्यांना निदान आपण निर्लज्ज आहोत हे माहीत असतं. ह्याला तेही माहीत नव्हतं.

"बंद कर," ती म्हणाली. "आत्ता फोन कर आणि बंद कर."

"आता कसं बंद होणार? गाड्या केव्हाच फिरायला लागल्यात. आणि संध्याकाळी पाचला प्रचार संपतोच की. मग आपोआप बंद." तो थांबला आणि मग दुखावल्यासारखा म्हणाला, "मलाही पोटाची खळगी भरायचीय, बाई."

"ती भरण्यासाठी तुला माझी बहीण लागली?" थोरली म्हणाली आणि बाहेर पडली. जाताना तिनं दार इतक्या जोरात ओढलं की बाहेर रचलेले दोन टायर घरंगळत रस्त्यावर गेले. तिनं वळून पाहिलं नाही.

तिथून ती निवडणूक कचेरीत गेली. तिथल्या अधिकाऱ्यानं तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. शांतपणे ऐकून घेणाऱ्यांची थोरलीला तेव्हापासून कायमची भीती बसली.

"आवाज कोणाचा आहे?" त्यानं विचारलं.

"माझा."

"मग तक्रार कोणाविरुद्ध लिहू? तुमच्याच?"

टेबलाशी बसलेले दोघे कारकून हसले. अधिकारी हसला नाही, त्यानं तिला समजावलं, की ओळीत कुठलाही ठराविक आरोप नाही, नुसतं 'विचारा' म्हटलंय, आणि विचारायला बंदी नाही. हे मात्र खरं होतं, आणि हीच त्या ओळीची हरामखोरी होती. काय चोरलं ते ओळ सांगतच नव्हती. ज्यानं त्यानं आपापल्या मनातलं भरून घ्यायचं. ह्या शहरात लोक औषधं भरून घेणार होते. दवाखान्यातून औषधं गेली हे सगळ्यांना माहीत होतंच, कोणी नेली तेवढं आता ही गोड बाई सांगत होती. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण चोरानं बोंब मारायला दुसऱ्याचं तोंड वापरावं, हे नवीन होतं.

धाकटीच्या घरी तिचा नवरा हातगाडीला कापडी फलक बांधत होता. संध्याकाळी बस स्थानकासमोरच्या चौकात शेवटची सभा होती. गाडीला मंच म्हणायचं, एवढीच तयारी.  थोरलीला पाहून त्यानं गाठ जरा जास्तच घट्ट मारली.

धाकटी आतून आली. तिचे डोळे रडलेले नव्हते. रडलेले असते तर बरं झालं असतं.

"बाळे, मी ते तुला म्हटलेलं नाही," थोरली म्हणाली. घरात धाकटीला बाळी म्हणत.

"ते शब्द तू बोललीस की नाही, ताई?"

"बोलले. पण तुझ्याबद्दल नाही."

"मग कोणाबद्दल?"

"कोणाबद्दलच नाही. रिकामी ओळ होती."

"कोणाबद्दलच नाही अशी शिवी असते का ग? पत्ता न घालता टाकलीस, पडली माझ्या दारात." धाकटीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आणि ती नावं. त्या नावांत कामाच्या माणसाचं नाव होतं?"

थोरलीनं आठवून पाहिलं. डोंगरापलीकडचे मास्तर होते. समुद्राकडच्या जिल्ह्यातली दूध डेअरी चालवणारी बाई होती. खाणीच्या भागातला, एक हात गमावलेला कामगार होता. कामाचा माणूस नव्हता. त्याच्या पक्षाचा कोणीच नव्हता. सगळे उमेदवार एका मंचावर, आणि त्यात सत्तेवाला एकही नाही, हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. तिचं लक्ष सगळं चढ्या-उतरत्या सुरांवर.

"नव्हतं," ती म्हणाली.

"बघ. आज माझं नाव आलं म्हणून तू अनवाणी धावलीस, आईनं सांगितलं मला. ते बाकीचे कोणाचे कोणीच नाहीत का? त्यांच्याही घरात कोणीतरी भाजी निवडत असेल. आज तेही ऐकतायत तुझा तो गोड आवाज." ती दाराच्या चौकटीला टेकली. "तू चिडून बोलली असतीस ना, तर मी म्हटलं असतं, असू दे, बहिणी-बहिणींचं भांडण. तू किती मायेनं बोललीस. मला ऐकताना क्षणभर बरं वाटलं, ताई. आधी बरं वाटलं, मग कळलं."

थोरलीला हात धरावासा वाटला, पण धाकटीनं दोन्ही हात पाठीमागं घेतले होते.

"आधी ते बंद कर," धाकटी म्हणाली. "मग माझ्या दारात ये."

थोरली दुपारी कामावर गेली ती रागानं आंधळी होऊन. राग स्टुडिओवाल्याचा होता, अधिकाऱ्याचा होता, कामाच्या माणसाचा तर होताच. पण ह्या सगळ्यांच्या खाली स्वतःचा जो राग होता, तो सगळ्यांत तिखट होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कोणाकडे? तिनं दुपारभर गाड्या पुकारल्या. स्थानकाच्या कंट्रोलरनं दोनदा येऊन विचारलं, "बाई, बरं नाही का?" कंट्रोलर मनानं चांगला माणूस होता. जगात वाईट माणसांपेक्षा ह्या मनानं चांगल्या आणि काळजानं भित्र्या माणसांनीच जास्त नुकसान केलंय, पण तो चांगला होता, हेही खरं.

चौकशीची खोली जिना चढून वर होती. तिच्या काचेतून एका बाजूला फलाट दिसायचे आणि दुसऱ्या बाजूला चौक. उन्हं कलली तेव्हा धाकटीची हातगाडी चौकात आली. धाकटी गाडीवर चढली. भोंगा नव्हता. गावातल्या भोंगेवाल्यांना अचानक सगळ्यांनाच कामं लागली होती. शंभरेक माणसं जमली असतील, बहुतेक बाया. धाकटी बोलू लागली. थोरलीला काचेतून शब्द ऐकू येत नव्हते, नुसता हात हलताना दिसत होता.

तेवढ्यात सकाळची ती प्रचाराची गाडी आली. हातगाडीच्या समोर थांबली, भोंगा धाकटीच्या तोंडाकडे वळवला गेला आणि बटण दाबलं गेलं. थोरलीचा आवाज चौकभर पसरला. धाकटीचं नाव, यांना विचारा, ताटातला घास, चोर, चाव्या, बाजा. पुन्हा धाकटीचं नाव. धाकटीचं तोंड हलत होतं आणि त्यातून बाहेर पडत होती थोरली. मागच्या बाया माना वळवून गाडीकडे बघायला लागल्या. दोन-तीन जणी उठून निघाल्यासुद्धा.

थोरलीनं खोलीची कडी लावली आणि माईक ओढला.

"बंद करा रे ते," ती ओरडली. "सगळं खोटं आहे. माझी बहीण आहे ती. लाज नाही वाटत तुम्हाला..."

स्थानकावरच्या सगळ्या भोंग्यांतून तिचा फाटका आवाज बाहेर पडला. फलाटावरचे लोक वर बघायला लागले. "कोण भांडतंय ग?" कोणीतरी विचारलं. "माईक चालू राहिला वाटतं." लोक हसले. चौकातल्या लोकांनीही क्षणभर इकडे पाहिलं आणि परत तिकडे वळले. ह्या चिरक्या बाईचा त्या मधाळ बाईशी काही संबंध असेल, हे कोणाच्या स्वप्नातही येणार नव्हतं. धाकटीनं मात्र वर काचेकडे पाहिलं, मग मान खाली घातली. बहिणीचं हसं झालेलं तिला बघवलं नसावं.

तेव्हा थोरलीच्या ध्यानात आलं. लोक तिला ओळखत नव्हते, तिच्या गोडव्याला ओळखत होते. तिनं पाण्याचा घोट घेतला. जबडा सैल केला, खांदे पाडले. पोटात जाळ होता, तो तिनं तिथंच दाबून धरला आणि रोजच्या आवाजाला घशात बोलावलं. इतका राग गिळून इतकं गोड बोलायची वेळ कोणावर येऊ नये.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," ती म्हणाली.

चौकातल्या माना वळल्या. प्रचाराच्या गाडीवर एक बाई बोलत होती आणि स्थानकावर तीच बाई बोलत होती.

"समोरच्या गाडीतून येणारा आवाज माझा आहे. बोलणं माझं नाही. माझ्या आवाजाचे तुकडे जोडून राज्यभर माणसांना चोर म्हटलं जात आहे. फलाट क्रमांक एकवर डोंगरापलीकडे जाणारी गाडी उभी आहे. ह्या गाडीच्या प्रवाशांना विनंती, की घरी पोचल्यावर सांगावे..." आणि तिनं मास्तरांचं पूर्ण नाव घेतलं, चढ्या सुरात. "...हे चोर असल्याचं मला कोणीही दाखवलेलं नाही. मी तसं म्हटलेलं नाही. जे म्हणतायत ते खोटं बोलतायत."

 एक नंबरच्या गाडीत चढणारी माणसं पायरीवर थांबली. थोरली पुढे गेली. फलाट दोन, समुद्राकडची गाडी, डेअरीवाल्या बाईंचं नाव. फलाट तीन, खाणीची गाडी, त्या कामगाराचं नाव. धाकटीनं सकाळी विचारलं होतं, ते कोणाचे कोणीच नाहीत का. ती एकेकाला आपल्या तोंडानं धुऊन काढत होती. एका कंडक्टरनं घंटी न वाजवता गाडी थांबवून धरली आणि खालून ओरडला, "बाई, आमचा जिल्हा राहिला. आमचं कोण आहे?" तिनं त्याचंही सांगितलं.

दारावर धक्के बसू लागले. "बाई, दार उघडा," कंट्रोलर बाहेरून म्हणत होता. "सरकारी माईक आहे, बाई. वरून फोन येतायत. माझी नोकरी जाईल हो." त्याचा आवाज रडवेला होता. थोरलीनं दार उघडलं नाही. लांबच्या गाड्या संपल्या, मधल्या संपल्या. तिनं श्वास घेतला.

"आता शहरातली लोकल," ती म्हणाली, आणि धाकटीचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

माईकवरचा लाल दिवा विझला. डोक्यावरचा पंखा हळूहळू थांबला. कंट्रोलरनं खाली जाऊन मेन स्विच पाडला होता.

ती तशीच बसून राहिली. सगळ्या राज्याचं सांगून झालं होतं. जिच्यासाठी कडी लावली तिचंच राहिलं होतं, कारण लोकल शेवटी असते. लोकल शेवटी असते म्हणजे काय? कोणी सांगितलं होतं आज तरी शिस्त पाळायला? आग लागो त्या शिस्तीला. इतक्या वर्षांचं वळण, ते घर जळतानासुद्धा नंबरानं पाणी आणायला लावतं. काचेपलीकडे चौकात गाडी चालूच होती, आणि तिच्या आवाजात धाकटीला चोर म्हणत होती.

निकालाचं इथंच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कोणी उगाच आशा धरून वाचायला नको. धाकटी पडली. कामाचा माणूस निवडून आला आणि त्याच्या विजयाच्या मिरवणुकीत 'आभारी आहोत' असं म्हणणारा आवाजही थोरलीचाच होता, जुन्या कुठल्यातरी रेकॉर्डिंगमधला. स्टुडिओवाल्याकडे तिचा आवाज पुढच्या कैक निवडणुकांना पुरेल एवढा पडून आहे. स्थानकाची नोकरी गेली. डोंगरापलीकडचे मास्तर मात्र निवडून आले. ते कळल्यावर थोरलीला आनंद झाला का? लोक विचारतात. तिला राग आला. मग थोडा आनंदही झाला, पण आधी राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. जाऊही नये.

तर त्या संध्याकाळी ती जिना उतरून खाली आली. कंट्रोलर खालच्या पायरीपाशी रुमालानं मान पुसत होता. "उद्यापासून येऊ नका, बाई," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मला माफ करा."  त्याच्या मागं धाकटी उभी होती, सभा सोडून आलेली.

"सगळ्यांचं झालं," धाकटी म्हणाली. "माझं राहिलं."

"लोकल शेवटी असते ग," थोरली म्हणाली.

 दोघी चौकात आल्या. बाया अजून हातगाडीभोवती उभ्या होत्या, मगाशी उठलेल्या दोघी-तिघीही परत आल्या होत्या. गाडी वाजत होती. मग पाच वाजले. चौकातला हवालदार गाडीजवळ गेला आणि त्यानं बॉनेटवर काठी आपटली. "वेळ संपली. बंद."

ड्रायव्हरनं बटण दाबलं तेव्हा ओळ नुकतीच सुरू झाली होती. नाव तेवढं येऊन गेलं होतं. धाकटीचं पूर्ण नाव, चढ्या सुरात, पुढे काहीतरी जोडायचं आहे असं सांगणारं. आणि पुढे काहीच आलं नाही. इतका वेळ कोंडलेला चौक एकदम मोकळा झाला. लोक अजून त्या भोंग्याकडेच बघत होते, उरलेल्या वाक्याची वाट बघत.

ते वाक्य थोरलीनं पुरं केलं. माईक नव्हता आणि गोडवाही नव्हता. घसा ओरडून फाटलेला होता.

"माझी बहीण आहे," ती म्हणाली, जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडून. "तिनं चोर पकडून दिला. म्हणून चोरानं माझ्या तोंडून तिला चोर म्हटलं."

हवालदार वळला आणि तिच्याकडे आला. "ओ बाई, ऐकलं नाही का? प्रचार संपलाय."

थोरली काही म्हणायच्या आत धाकटी मध्ये आली. सकाळपासून मागं घेतलेला हात तिनं पुढे केला आणि थोरलीचं मनगट धरलं.

"हा प्रचार नाही," ती हवालदाराला म्हणाली. "हा माझ्या ताईचा आवाज आहे."